बाईंची व्याख्या

आमच्या बाईंना कुणी "कशा आहात?" असं विचारलं तर त्या उत्तर देत नसत. त्यात उद्धटपणा नव्हता. विचारणाऱ्याकडे नीट बघत, जरा थांबत आणि पुढचं बोलणं सुरू करत. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना याबद्दल सुनावलं.

"मी 'बरी आहे' म्हणणार हे तुम्हाला ठाऊक असतं," बाई म्हणाल्या. "मग त्यात सांगण्यासारखं काय राहिलं?"

"आणि एखाद्या दिवशी बरं नसलं तर?"

"त्या दिवशी सांगेन."

त्याप्रमाणे एका सकाळी शाळेच्या फाटकात शिपायाने विचारलं, "बेनजी, कैसे हो?" आणि बाई म्हणाल्या, "ताप आहे." एवढं बोलून त्या वर्गात गेल्या. पण शाळेत कुणाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. शेवटी मोठ्या बाईंनी टांगा बोलावून त्यांना घरी पाठवलं.

धारच्या मुलींच्या शाळेत त्या गणित आणि शास्त्र शिकवत. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. आमच्यासारख्या दरबारच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत सगळं जागच्या जागी दिसत होतं, पण कचेऱ्यांचा कारभार हिंदीत चालला होता आणि आम्ही मुली घरात मराठी, रस्त्यावर मालवी, वर्गात हिंदी असं बोलत होतो. बाई मात्र मराठी मुलींशी मराठीतच बोलत. अंगाने सडसडीत, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं आमच्या आईने एकदा आडून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारायला आलेले सगळे एकच विचारत होते."

वर्गात उशिरा येणाऱ्या मुलीला त्या कारण विचारत नसत. उभं करत आणि होय-नाहीचे प्रश्न घालत. मुलीने फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं. बाई बोटांवर प्रश्न मोजत.

"घरातलं कारण?"

"हो."

"कुणी आजारी?"

"नाही."

"पाणी भरायचं होतं?"

"हो."

"तीन प्रश्न," बाई म्हणत. "बस. काही नवीन नाही."

तीन-चार प्रश्नांत कारण सापडलं तर मुलीला पूर्ण तास शेवटच्या बाकावर बसावं लागे. एकदा कुसुम नावाची मुलगी अर्धा तास उशिरा आली. बाईंची दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तरी कारण सापडेना. अठराव्या प्रश्नाला कळलं की गल्लीच्या तोंडाशी एक अस्वलवाला चिलीम ओढत बसला होता आणि त्याचं अस्वल रस्त्यावर आडवं झोपलं होतं. बाई इतक्या खूश झाल्या की कुसुमला पुढच्या बाकावर बसवलं आणि तिच्यामुळे आम्हाला आकड्यांचा एक पाठ मिळाला: प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत असतील तर अठरा प्रश्नांत किती गोष्टींतून एक निवडता येते. फळा संपला तेव्हा आकडा दोन लाखांच्या वर गेला होता. "एवढ्यांतून हे एक अस्वल," त्या म्हणाल्या.

त्या मूळच्या देवासच्या, धाकट्या पातीच्या. देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती. बाईंचे आजोबा धाकट्या पातीच्या दरबारात कारकून होते. "पूर्वी मी देवासची म्हटलं की लोक विचारत, थोरली की धाकटी? आता कुणी विचारत नाही," त्या सांगत. "माझ्याबद्दलचा एक प्रश्न सरकारने कमी केला." हे बोलताना त्यांना वाईट वाटत होतं की नाही, ते कळत नसे.

मी नववीत असताना सरकारच्या एका परिभाषा समितीचं पत्र त्यांना आलं. इंग्रजी शास्त्रीय शब्दांना देशी शब्द आणि सोप्या व्याख्या हव्या होत्या. बाईंच्या वाट्याला दहा शब्द आले. नऊ त्यांनी महिन्याभरात पाठवले. दहावा शब्द एंट्रॉपी. तो राहिला, आणि पुढे बरेच महिने राहिलाच.

हा शब्द आमच्या अभ्यासात नव्हता. तरी बाईंनी तो वर्गात आणला. एका काचेच्या बरणीत खाली कुंकवाने रंगवलेली ज्वारी आणि वर पांढरी ज्वारी भरून त्या आल्या आणि बरणी माझ्या हातात दिली.

"हलव."

मी हलवली. लाल-पांढरं एक झालं.

"आता पुन्हा वेगळी होईपर्यंत हलव."

तास संपत आला. माझे हात भरून आले. "बाई, नाही होणार वेगळी."

"कोण मना करतंय?"

"कुणी नाही."

"बरोबर. कुणीही मना करत नाही. पण खाली सगळी लाल आणि वर सगळी पांढरी, अशी बसायच्या तऱ्हा मोजक्या आहेत. मिसळून बसायच्या इतक्या आहेत की मोजताना तू म्हातारी होशील. ती आपली जिथे जास्त जागा आहे तिथे जाते." उष्णतेचंही असंच असतं, त्या म्हणाल्या. गरम दूध गार होतं, गार दूध आपलं आपण गरम होत नाही. या तऱ्हा किती, त्याचं माप म्हणजे एंट्रॉपी. इथपर्यंत त्यांना अडचण नव्हती.

अडचण इंदूरहून आली. कॉलेजातल्या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी त्यांना एक परदेशी मासिक पाठवलं. त्यात टेलिफोनचं काम करणाऱ्या कुणा गणितज्ञाचं म्हणणं दिलं होतं. संदेशात बातमी किती आहे हे मोजायचं तर तो आधी किती अनपेक्षित होता ते बघायचं, म्हणजे होय-नाहीचे किती प्रश्न लागले असते ते. या मापाचं सूत्र आणि उष्णतेचं सूत्र सारखंच निघत होतं, आणि त्या माणसाने नावही तेच ठेवलं होतं.

बाईंनी दोन वह्या केल्या, एक उष्णतेची आणि एक बातमीची. मधल्या सुट्टीत त्या कधी एकीत लिहीत, कधी दुसरीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, एक शब्द. दोन व्याख्या लिहा, एक आणि दोन असे आकडे घाला आणि मोकळ्या व्हा."

"दोन बायकांची लुगडी सारखी असली म्हणून त्या बहिणी ठरत नाहीत, हे मलाही कळतं," बाई म्हणाल्या. "पण या दोघींचं नाकही सारखं आहे. बहिणी असतील तर मला वेगवेगळ्या घरांत लिहून चालणार नाही."

समितीची स्मरणपत्रं येत. शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन म्हणे, "बेनजी, तमारो कागद आयो." बाई तिथल्या तिथे उत्तर लिहून देत: अजून कळलं नाही.

त्याच वर्षी आमच्या घरी एक पोस्टकार्ड आलं.

माझा थोरला भाऊ बापू उन्हाळ्यात घर सोडून गेला होता. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते दरबारच्या दप्तरात मोडी लिहिणारे कारकून होते. विलीनीकरणानंतर मोडीचं काम संपलं आणि त्यांना हिंदी टपाल नोंदवायला बसवलं, तेही त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली. बापूने कारकुनीच्या परीक्षेला बसावं असा त्यांचा हट्ट. बापू म्हणाला, "तुमची काय गत झाली ते बघूनही?" नानांनी त्याच्यावर हात उचलला. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर चार महिने पत्र नव्हतं.

आईने एका सकाळी नानांची बंडी भिजत घातली आणि धुताना खिशातून कार्ड निघालं. शाई सगळी फुटली होती. अक्षर बापूचं आहे एवढं कळत होतं. आई मोरीतच बसली. नाना म्हणाले, "काल पोस्टमनने दिलं. चष्मा दुरुस्तीला टाकला होता, म्हणून खिशात ठेवलं आणि विसरलो."

आईने कार्ड पाटावर वाळवलं आणि मला म्हणाली, "तुमच्या त्या बाईंना बोलाव. त्यांना न सांगितलेलं कळतं म्हणे."

बाई रविवारी दुपारी भिंग, फूटपट्टी आणि कोरे कागद घेऊन आल्या. आम्ही दिलेला चहा त्यांनी बाजूला सरकवला, खिडकीजवळ बसल्या आणि कार्ड उजेडावर धरलं. शाई गेली होती तरी टाकाच्या टोकाने कुठे कुठे कागद दबला होता. एका ओळीत सरासरी किती अक्षरं बसली असतील ते त्यांनी मोजलं. असे तीन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"वरच्या दोन ओळी मी पुऱ्या भरल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तीर्थरूप नाना व सौभाग्यवती आई यांस कृतानेक साष्टांग नमस्कार. इकडील सर्व कुशल. यातली तीनच अक्षरं शिल्लक होती. एकही नसतं तरी मला भरता आलं असतं. पुढे 'पूर येथे' आहे, त्याच्या आधीचं गेलं. मग 'नोकरीस' आहे. मग 'दिवाळीस येणे' आणि पुढे चार-पाच अक्षरांची जागा. शेवटी 'नानांस म्हणावे की', आणि त्यापुढे दोन ओळी. त्यातलं काही उरलं नाही."

"येणे होईल," आई म्हणाली. "तीन अक्षरं, ऐसपैस लिहिली तर बसतात की नाही? येणे होईल."

"'येणे जमणार नाही' हेही दाटून लिहिलं तर बसतं, वहिनी."

"तुम्ही होईल लिहा."

"लिहिते," बाई म्हणाल्या. "पण मग ते मी लिहिलेलं असेल. त्याने नाही."

आईने नको म्हणून मान हलवली. बाईंनी लिहिलं नाही. त्या नानांकडे वळल्या.

"कार्ड पोस्टमनने तुमच्याच हातात दिलं?"

"हो."

"लगेच खिशात टाकलंत?"

नानांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "नाही."

"त्याचं अक्षर ओळखलंत?"

"हो."

"चष्मा खरोखर दुरुस्तीला होता?"

"नाही."

आईने मान वर केली. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. नाना आपणच बोलले, जमिनीकडे बघत. "कचेरीत एकट्याने वाचू म्हटलं. तिथे धीर झाला नाही. घरी वाचू म्हटलं. मग उद्या म्हटलं. तीन दिवस खिशात होतं." आणि पाठोपाठ म्हणाले, "रागाने काहीतरी लिहिलं असणार. नाहीतर मला वेगळं म्हणावं असं काय असणार?"

"ते तुम्हाला आधीच वाटत होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटत होतं ते या दोन ओळींत तुम्ही भरताय. जे अंदाजाने भरता येतं ते गेलं तरी काही गेलं नाही. जे गेलं ते इथेच होतं, आणि इथे मला एक अक्षरही भरता येत नाही."

मग त्या नुसत्याच त्या निळ्या डागाकडे बघत बसल्या. आम्हाला वाटलं, थकल्या. त्या एकदम म्हणाल्या, "पाण्यात शाई पसरली ही ज्वारीची गोष्ट. आपल्याला वाचता येत नाही ही बातमीची गोष्ट. पण डाग एकच आहे." त्यांनी माझ्याकडून पाटी मागून घेतली आणि लिहिलं. ती व्याख्या मला अजून पाठ आहे: 'बाहेरून जेवढे दिसते तेवढे कळल्यावर, आत नेमके काय आहे हे सांगण्यास होय-नाहीचे आणखी जितके प्रश्न लागतील, ती संख्या.' ज्वारीला हीच, दुधाला हीच, पत्राला हीच. आमच्या घरात त्या वेळी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. आई रडत होती.

पाटी पुसायच्या आधी बाईंनी व्याख्या आपल्या वहीत उतरवली आणि पुन्हा कामाला लागल्या. कार्डावरच्या शिक्क्यात गावाच्या इंग्रजी नावाची शेवटची 'पूर' एवढी अक्षरं आणि तारीख उमटली होती.

"वहिनी, बापू रेल्वेच्या नोकरीचं बोलायचा?"

"नाही."

"गिरणीच्या?"

"हो. त्याच्या वर्गातल्या एकाला गिरणीत लागली होती."

"शिक्क्याची तारीख आणि नानांचे तीन दिवस धरले, तर कार्ड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी धारला आलं. सोलापूर, नागपूर लांब पडतात. बऱ्हाणपूर असावं." मग नानांना म्हणाल्या, "असावं म्हणते. आहे म्हणत नाही."

दिवाळीला बापू आला नाही. आईने चारही दिवस त्याचं पान वाढलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाना उठले, पिशवीत चिवडा आणि एक धोतर घातलं, मोटारीने महूला गेले आणि तिथून आगगाडीने बऱ्हाणपूरला. गिरणीच्या फाटकाशी ते दोन दिवस उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर बापू समोरून आला. दोघांनी चहा घेतला. बापूची खोली नानांनी बघितली. निघताना विचारलं, "कार्डात माझ्यासाठी काय लिहिलं होतंस? ते भिजलं."

बापू म्हणाला, "आता आठवत नाही, नाना."

हे नानांनी परत आल्यावर आधी बाईंना जाऊन सांगितलं. मी बरोबर होते. बाईंनी विचारलं, "तो मुद्दाम सांगत नाही असं वाटलं?"

"कळलं नाही. पुन्हा विचारलं नाही."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी नानांना बसायला सांगितलं.

बापू पुढे होळीला आला. नोकरी बऱ्हाणपूरलाच केली. नाना आणि तो फार बोलत नसत, पण महिन्याला कार्ड येई आणि नाना ते पोस्टमनसमोर उभ्या उभ्या वाचत.

बाईंनी व्याख्या समितीला पाठवली. एका ओळीत द्यावी असं उत्तर आलं. बाईंनी कळवलं, एका ओळीत बसवली तर ती चुकेल. यथावकाश छापील पुस्तिका आली. तिच्यात त्या शब्दापुढे 'अव्यवस्थेचे माप' एवढंच होतं. बाईंना मी रागावलेलं त्याच वेळी बघितलं. "अव्यवस्था कुणाच्या लेखी?" त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावरची ही रास मोठ्या बाईंना अव्यवस्था वाटते. मला यातला प्रत्येक कागद डोळे मिटून काढता येतो." पुस्तिका त्यांनी त्याच राशीत ठेवली.

मी मॅट्रिक होऊन शिक्षिका झाले, बदनावरला लागले. त्याच सुमाराला बाईंनी नोकरी सोडली आणि देवासला आपल्या विधवा बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे आजोबांची एक पेटी निघाली. पेटीत कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, सगळी मोडीत. घरात मोडी येणारं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी नानांना कार्ड टाकलं. त्यात मायना नव्हता, खुशाली नव्हती. एवढंच होतं: 'मोडी शिकवाल का?'

नानांना तोपर्यंत पेन्शन झालं होतं. कार्ड वाचून ते म्हणाले, "या वयात?" आणि पुढच्या रविवारी बोरू आणि दौत घेऊन मोटारीत बसले. मग दर महिन्याला जाऊ लागले. आई म्हणे, "लेकीच्या सासरी जावं तसे जाता." एका सुट्टीत मीही गेले. बाई जाजमावर बसून अक्षरं गिरवत होत्या आणि नाना त्यांना ओरडत होते. नानांना असं कुणाला ओरडताना मी दरबारच्या दिवसांनंतर ऐकलं नव्हतं.

"हात उचलायचा नाही, बाई. मोडीत हात उचलायचा नाही. पुन्हा काढा."

बाईंनी मुकाट्याने पुन्हा काढलं. मग एक कागद माझ्यापुढे धरला. "बघ. यात शाई कुठेही फुटलेली नाही. सगळं जागच्या जागी आहे. नानांना यात एकही प्रश्न पडत नाही, मला हजार पडतात. कागद तोच. म्हणजे आपली ती व्याख्या अपुरी होती."

"काय राहिलं तिच्यात?" मी विचारलं.

"बघतेय," त्या म्हणाल्या. "घाई नाही. आता समितीही उरली नाही."

मी त्यानंतर देवासला फारशी गेले नाही. संसार, बदल्या. नाना गेले आणि दोन वर्षांनी बाई गेल्या. त्यांच्या भाचीने मला एक वही पाठवली. "मावशीने तुमचं नाव लिहून ठेवलंय," एवढंच तिने कळवलं होतं. वहीत पहिल्यापासूनची व्याख्येची पानं आहेत, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. पाटीवरची व्याख्याही आहे. शेवटचं पान मात्र नानांच्या हातचं आहे. शिकवणीचा भाग म्हणून बाईंनी सांगितलं असावं आणि नानांनी लिहून घेतलं असावं. ते सगळं मोडीत आहे.

शेवटच्या ओळीत दोन शब्द खोडून वर एक नवा शब्द घातला आहे. गावात कुणाकडून तरी वाचून घेता येईल, असं मुलगा म्हणतो. मी मोडीचं मुळाक्षरांचं पुस्तक आणलं आहे. रोज सकाळी एक पान गिरवते. आजवर 'ट'पर्यंत आले आहे.